वाडा काल गेला

सोलापूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या नाशकात दोन प्रश्न ठरलेले. चादरी आणल्यात का, आणि उकाडा सोसला का. मी गेले ती जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपत आली होती तेव्हा, त्यामुळे उकाड्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. चादरी दोन आणल्या. ज्या कामासाठी गेले होते ते मात्र झालं नाही, आणि ते कसं झालं नाही हे ऐकायला कुणी बसणार असेल तर मी सांगायला एका पायावर तयार आहे.

मी एका राणीसाठी गेले होते. तोरणगीची राणी चिमाक्का. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि मीही ऐकलं नव्हतं. अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं हे संस्थान म्हणजे जेमतेम चार-पाच गावं. तोरणगी हे नाव मी ठेवलेलं आहे. खरं सांगितलं तर त्या घराण्यातले चुलत-मावस मला पत्रं लिहीत बसतील. राजा भर तारुण्यात गेला, मूलबाळ नाही, दिराने गादी बळकावली, आणि राणीचं पुढं काय झालं ते कुणी लिहून ठेवलं नाही.

मी निवृत्त झाले त्या वर्षी आमच्या शेजाऱ्यांकडे माळा साफ करताना पाच मोडी कागद निघाले. त्यांचा कुणी पूर्वज तोरणगीला कारकून होता. राणीच्या भावाला त्याने वेळोवेळी जी पत्रं लिहिली, त्यांच्या नकला त्याने स्वतःपाशी ठेवल्या होत्या. ती वाचता यावीत म्हणून साठीला टेकलेली मी बाई मोडी शिकले. पहिल्या चार पत्रांत नुसती भांडणं. चौथ्यात दिराने आईसाहेबांच्या, म्हणजे राणीच्या, खोलीला बाहेरून कडी घातल्याचं लिहिलंय. पाचवं पत्र एका ओळीचं: ‘आईसाहेब वाड्याबरोबर सुखरूप आहेत, काळजी नसावी.’ पुढे काही नाही.

आता ‘वाड्याबरोबर’ म्हणजे काय? माणूस वाड्यात असतो, वाड्याबरोबर कसा असेल? जन्मभर लाल पेनने पोरांच्या चुका सुधारलेली मी. कारकुनाचा हात घसरला असं ठरवून मी ते ‘वाड्यात’ करून टाकलं आणि त्या एका शब्दावर तीनशे बारा पानांची कादंबरी लिहिली. चार वर्षं लागली. माझी राणी वाड्यात कोंडली गेली, एका खिडकीत उभी राहून तिने ऐंशी पानं आभाळ पाहिलं आणि बत्तिसाव्या वर्षी त्याच खिडकीच्या चौकटीला डोकं टेकून प्राण सोडला. तीन प्रकाशकांनी नाकारल्यावर चौथ्यांनी पुस्तक घेतलं तेही त्या खिडकीवर भाळून. सोमवारी ते छापायला जायचं होतं. मुखपृष्ठासाठी वाड्याचा एक फोटो तेवढा हवा होता. भिंत उरली असेल तर भिंतीचा, खिडकी सापडली तर फारच उत्तम. तो काढायला मी शुक्रवारी सोलापुरात उतरले.

शुक्रवार, भवानी पेठ

विजया आणि मी बी.एड.ला एका खोलीत होतो. ती संगमनेरची, पण सोलापूरच्या एका तेलुगू विणकर कुटुंबातल्या मुलाशी लग्न करून भवानी पेठेत आली आणि आता स्वप्नसुद्धा तेलुगूत बघते म्हणते. नवऱ्याचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. त्या घरात टॉवेल कशाला वापरत नाहीत ते विचारा. परातीवर टॉवेल, टीव्हीवर टॉवेल, उन्हात वाळत घातलेल्या सांडग्यांवर टॉवेल. शेजारी यंत्रमाग असल्यामुळे भिंतीला पाठ लावून बसलं की ती खटखट थेट मणक्यात येते. तासाभराने कानाला त्याची इतकी सवय झाली की वीज जाऊन माग थांबला तेव्हा मीच दचकून उठले.

विजयाच्या सासूबाईंना मराठी येतं, पण जेवणाची चौकशी त्या तेलुगूतच करतात. मी दारातून आत पाऊल टाकल्यापासून “तिन्नारा?” म्हणजे जेवलात का, हे त्यांनी मला पाच वेळा विचारलं. जेवायला कडक भाकरी होती. आमच्याकडे भाकरी कडक झाली की ती कालची म्हणून गाईला जाते; इथे ती मुद्दाम पापडासारखी कडक करतात, डब्यात भरून ठेवतात आणि महिनाभर खातात. ती हाताने मोडायची, वर दही आणि तेलात कालवलेली शेंगाची चटणी घ्यायची. पहिल्या घासाला माझ्या दाढेतून असा आवाज आला की सासूबाईंनी चिंतेने पाहिलं. आम्ही नाशिककर तिखटाची फार मिजास मारतो. त्या चटणीने माझी मिजास दोन घासांत उतरवली.

जेवताना विजया माझ्या पुस्तकाबद्दलच बोलत होती. राणीच्या मरणाचं प्रकरण मी तिला फोनवर वाचून दाखवलं होतं तेव्हा ती हमसून हमसून रडली होती. त्यामुळे त्या पुस्तकावर आपलाही थोडा हक्क आहे असं ती मानते. अर्पणपत्रिकेत तिचं नाव आहे की नाही हे तिने आडून आडून विचारलं. मी हो म्हटल्यावर आणखी एक भाकरी माझ्या ताटात पडली.

शनिवार, तोरणगी

विजयाच्या नवऱ्याने ओळखीचा गाडीवाला ठरवून दिला होता. इरण्णा. घरी कन्नड, गाडीत मराठी आणि ट्रकवाल्यांशी तिसरंच काहीतरी बोलणारा. वाटेत दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं दुधात आलेली. इरण्णाने मध्येच एका रानाशी गाडी उभी केली, शेतकऱ्याशी कन्नडमध्ये दोन वाक्यं बोलला, आणि बघता बघता आमच्या पुढ्यात हुरडा भाजून आला. गरम हुरडा तळहातावर चोळून फुंकायचा असतो, हे मला माहीत आहे. पण मी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून फुंकलं. सगळं कूस माझ्या चष्म्यावर आणि केसांत. पुढच्या गावापर्यंत इरण्णा आरशात बघून बघून हसत होता.

तोरणगीत पोचलो तेव्हा दहा वाजले असतील. पारावर एक म्हातारे गृहस्थ तंबाखू मळत बसले होते. मी खाली उतरले, पदर सारखा केला आणि चार वर्षं मनात घोळवलेला प्रश्न विचारला.

“काका, इथला वाडा कुठे आहे हो?”

“वाडा?” त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. “वाडा काल गेला की.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. इतकी वर्षं उभा असलेला वाडा, आणि मी यायच्या आदल्या दिवशी गेला! मी पारावर बसलेच. काल? एकाएकी? पाऊस नाही, भूकंप नाही. कुणाला लागलं-बिगलं तर नाही ना, मी विचारलं. ते माझ्याकडे जरा सांभाळून बघू लागले. कुणाला कशाला लागेल, म्हणाले. मग कसा गेला, मी विचारलं.

“कसा म्हंजे? पाटंच उठून गेला. आदी घोडी गेली, मागनं मेंढरं. कुत्री मातर दुपारपतोर हितंच भुंकत हुती.”

मी इरण्णाकडे पाहिलं. तो गाडीची काच पुसण्यात फार गुंतला होता, पण खांदे हलत होते. शेवटी त्यानेच सोडवलं. धनगर मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतात, तो सगळा कबिला, माणसं, मेंढरं, घोडी, कुत्री, बिऱ्हाड, त्याला इकडे वाडा म्हणतात. वाडा आज या शेतात बसतो, परवा त्या शेतात. मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, म्हणून शेतकरी बोलावून नेतात.

मी हुश्श केलं. म्हटलं, अहो, मला दगडामातीचा वाडा हवाय, राजाचा. तेव्हा म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. “ती व्हय, गढी म्हना की. गढीला वाडा कोन म्हनतंय?”

गढी म्हणजे गावाच्या कडेला पांढऱ्या मातीचा एक ढिगारा, वर बाभळी आणि एका अंगाला दोन पुरुष उंचीची उभी भिंत. मी फोन काढून त्या भिंतीला प्रदक्षिणा घातली. खिडकी काही दिसेना. म्हातारबा आमच्याबरोबर आले होते, त्यांना विचारलं, इथली खिडकी कुठे होती? गढीला खिडकी ठेवली तर चोर येतील की, ते म्हणाले. बंदुकीची नळी घालण्यापुरती भोकं होती, तीही आता पोपटांनी घेतली होती.

माझ्या राणीने ऐंशी पानं ज्या खिडकीतून आभाळ पाहिलं ती खिडकी कधी नव्हतीच. बरं, हे एक वेळ चाललं असतं. कादंबरी आहे, खिडकी मी पाडून देते म्हटलं. पण म्हातारबांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. गढीला वाडा कोण म्हणतंय? मी तिथेच मातीवर बसले आणि पत्रं आठवू लागले. पहिलं पत्र, ‘गढीचे दार’. दुसरं, ‘गढीतील धान्य’. चौथं, ‘गढीत खोलीस कडी घातली’. माझा कारकून घराला दर वेळी गढीच म्हणत होता. वाडा हा शब्द त्याने एकदाच लिहिला, शेवटच्या पत्रात. आणि मी बाईने तळटीप दिली होती की ‘गढी व वाडा हे शब्द येथे समानार्थी आहेत’! त्या तळटिपेचा मला कोण अभिमान होता.

आईसाहेब वाड्याबरोबर सुखरूप आहेत. कारकुनाचा हात कुठेही घसरला नव्हता. मी माती झटकून उठले.

“इरण्णा,” मी म्हटलं, “तो काल गेलेला वाडा कुठे गेला, विचार.”

शनिवार दुपार, तूर काढलेल्या रानात

दोन चुकीच्या वाटा, एक ओढा आणि बैलगाडीवाल्याच्या तीन सल्ल्यांनंतर वाडा सापडला. तूर निघून रिकाम्या झालेल्या रानात जाळ्याचं कुंपण, एका बाजूला घोडी, पालथ्या डालग्यांखाली कोवळी कोकरं, तीन दगडांच्या चुली. माणसं मेंढरं चारायला गेली होती, बायका तेवढ्या होत्या. गाडीतून उतरते न उतरते तोच एका कुत्र्याने माझी डावी चप्पल पळवली. ती परत मिळाली तेव्हा तिला अंगठा उरला नव्हता.

चुलीपाशी सत्तरीच्या एक बाई भाकरी थापत बसल्या होत्या. सुंदराबाई. गप्पा सुरू झाल्या, पण माझं लक्ष एका गोष्टीकडे जात राहिलं. येणारी-जाणारी प्रत्येक बाई त्यांना ‘आईसाहेब’ म्हणत होती. आईसाहेब, घोडी कुटं बांदू. आईसाहेब, पाणी कुठनं आनू. मला वाटलं सासूला चिडवतायत. आमच्याकडेही सुना सासूला माघारी महाराणी म्हणतात. मी हसून एका सुनेला तसं विचारलं. तिने मान हलवली. चिडवत नव्हत्या. वाड्यातल्या थोरल्या बाईला आईसाहेबच म्हणायचं, तशी यांची रीतच आहे. आणि वाडा कुठे बसवायचा, कधी उठवायचा, हेही थोरली बाईच ठरवते.

सगळ्या वाड्यांत असंच असतं का, मी विचारलं.

“न्हाय,” ती म्हणाली. “आमच्यातच. आमच्यात राणी हुती न्हवं.”

मी तोपर्यंत राणीचं नावही काढलं नव्हतं. नंतरचे दोन तास मी एका जागी मांडी घालून बसले, गुडघे माझे कधीच मला माफ करणार नाहीत. सुंदराबाईंना जे त्यांच्या आजेसासूने सांगितलं होतं ते त्यांनी भाकऱ्या भाजता भाजता सांगितलं.

त्या साली वाडा गढीच्या रानात बसला होता. बायका गढीत दूध घालायला जायच्या, त्यांना आतून रडणं ऐकू आलं. तीन दिवस ऐकलं. चौथ्या दिवशी वाडा उठायचा होता. त्या पहाटे दूध घालायला गेलेल्या बायकांनी कडी काढली, राणीच्या अंगावर घोंगडं टाकलं आणि तिच्या कुशीत एक कोकरू दिलं. कोकरू घेतलेल्या धनगरणीच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. दिराच्या माणसांसमोरून ती मेंढरांच्या मधोमध चालत बाहेर पडली. ज्या बाईला खोलीतून अंगणात जायलाही पालखी लागायची, ती त्या दिवशी दोन कोस चालली.

पुढे ती त्यांच्यातच राहिली. भाकरी तिला लवकर जमली नाही, लोकर कातायला जमली. तिला लिहायला-वाचायला येत होतं, ते वाड्याला कधी नव्हे ते कामाला आलं. कुठल्या रानात मेंढरं घालायची, कुणाची हद्द कुठे संपते, हे ती कागद वाचून सांगायची आणि गावोगावच्या पाटलांशी भांडायची. बोलायला लागली की पाटील उठून उभे राहायचे, म्हणे, आणि मग आपण का उठलो असं एकमेकांना विचारायचे. हे सांगताना सुंदराबाई इतक्या हसल्या की भाकरी करपली. शेवटी शेवटी तिला दिसायचं कमी झालं. तरी मातीचा चिमटा नाकाशी धरून, वाडा हितं बसवा म्हणून तीच सांगायची. नातवंडं-पतवंडांच्या वयाच्या पोरी तिच्याभोवती होत्या, त्यांच्या मांडीवर ती गेली.

मी वही काढली होती, पण एक अक्षर लिहिलं नाही. इतका आनंद आणि इतकी लाज एकाच वेळी मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी, पुन्हा भवानी पेठ

प्रकाशकांना फोन लावला. ते भले गृहस्थ आहेत, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये हसलेही. मग म्हणाले, बाई, कादंबरी आहे ती. वाचकाला खिडकी आवडणार आहे. मेंढरं कोण वाचतो? फार तर शेवटी एक टीप टाका, लोककथेप्रमाणे राणी धनगरांबरोबर गेली असंही सांगतात, म्हणून. सोमवार चुकला तर मात्र तुमच्या जागी दुसरं पुस्तक जाईल आणि मग मी काही सांगू शकत नाही.

विजयाचंही तेच. खिडकीला हात लावू नकोस, ती म्हणाली. मी काय सांगू तुम्हांला, मला हायसंच वाटलं. त्रेसष्टाव्या वर्षी पहिलं पुस्तक निघत होतं. चौथा प्रकाशक मिळाला, पाचवा मिळेल याची हमी कोण देणार? तीनशे बारा पानं नव्याने लिहायला माझ्या हातात बळ आहे का, डोळ्यांत उजेड आहे का? टीप म्हणजे खोटंही नाही, खरंही सांगून झालं. मी टीप लिहायला बसले. छान सात ओळींची झाली. सासूबाईंनी सहाव्यांदा “तिन्नारा?” विचारलं तेव्हा मी पोटभर जेवलेही.

रविवार, त्याच रानात

टिपेत सुंदराबाईंचं नाव आणि सोबत त्यांचा फोटो घालायचा म्हणून रविवारी सकाळी पुन्हा गेले. विजयाने डझनभर टॉवेल दिले होते. ते वाटून होईपर्यंत एक टॉवेल घोड्याच्या पाठीवर आणि दोन कोकरांच्या अंगावर गेलेही. सुंदराबाईंनी माझ्या पिशवीतल्या कागदांचा गठ्ठा पाहिला आणि हेच का ते पुस्तक, असं विचारलं. मग वाचून दाखवा म्हणाल्या.

मी कुठलं प्रकरण काढणार? जे सगळ्यांना रडवतं तेच. बायका भोवती बसल्या, एकीच्या मांडीवर कोकरू झोपलेलं. मी घसा साफ केला आणि शाळेतला आवाज लावून वाचायला लागले. संध्याकाळ, खिडकी, दूर जाणारे पक्षी, राणीच्या गालावरून ओघळणारा अश्रू. राणीने चौकटीला डोकं टेकलं, प्राण सोडला, प्रकरण संपलं. मी कागद खाली ठेवले. मला वाटलं, यांनाही भिडलं.

“यवढ्या सगळ्यात ती जेवली कवा?” एका सुनेने विचारलं, आणि बाकीच्या पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

सुंदराबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “किती वर्साची मेली म्हनला?”

“बत्तीस.”

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. त्यांना राग आला होता, आणि पाहुणीला रागवायचं नाही म्हणून त्या तो आवरत होत्या, हे मला दिसत होतं.

“बाई,” त्या म्हणाल्या, “दिरानं कडी घातली. आमच्या बायांनी जीव धोक्यात घालून काडली. आन तुमी पुन्ना घातली व्हय?”

मी घाईघाईने टिपेचं सांगितलं. शेवटी खुलासा आहे, तुमचं नाव आहे, फोटो आहे. टीप म्हणजे काय, त्यांनी विचारलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहितात ती, मी म्हटलं.

“म्हंजे मोट्या अक्षरात मेली, आन बारीक अक्षरात जगली.”

मी टिपेचा कागद घडी करून पिशवीत घातला. सुंदराबाईंचा आवाज आता निवला होता. त्यांनी माझ्या गुडघ्यावर पिठाचा हात ठेवला. “तुमी लिवलंय ग्वाड. पर तिला म्हातारी तर हू द्या की. लई कष्टानं म्हातारी झालीया ती.”

मी उठले. फोनला रेंज फक्त बांधावर होती, तिथपर्यंत बिनअंगठ्याची चप्पल ओढत गेले. रविवार असून प्रकाशकांनी फोन घेतला. मी म्हटलं, छापू नका. त्यांना वाटलं मी फोटोबद्दल बोलतेय, फोटो नसला तरी चालेल म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, पुस्तकच छापू नका, राणी बत्तिसाव्या वर्षी मेलीच नाही, तिचं अर्ध्याहून जास्त आयुष्य माझ्या पुस्तकात नाहीच. ते शांतपणे म्हणाले की उद्या दुसरं पुस्तक जाईल, आणि तुमचं नवं मी घेईन असा शब्द मी देत नाही. त्यांची काही चूक नव्हती. तरी पुन्हा केव्हा तयार होईल, असं त्यांनी विचारलं.

“राणी म्हातारी झाली की,” मी म्हटलं.

त्यांनी फोन ठेवला आणि मी बांधावर उभी राहून रडले. चार वर्षं गेली म्हणून रडले, आणि एक बाई खिडकीत मेली नाही म्हणूनही रडले. कशासाठी किती ते मला निवडून सांगता येणार नाही. मग डोळे पुसले, खाली आले आणि चुलीपाशी जाऊन बसले. वहीचं कोरं पान काढलं.

“आईसाहेब,” मी म्हटलं, “पहिल्या दिवशी दोन कोस चालून आल्यावर रात्री ती काय म्हणाली?”

त्यांनी भाकरी उलटली आणि माझ्यासाठी घोंगडं जरा पुढे सरकवलं.

“नीट बसा,” त्या म्हणाल्या. “लई लांबचं हाय.”